वेदीवरचा टाक

रविवार, ८ नोव्हेंबर १९३१. महाड.

मिशनच्या आवारातल्या मागच्या खोलीत बिऱ्हाड लावले. एक खोली, पुढे पडवी, मागे मोरी. विहीर आवारातच आहे, पाण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे बघत उभे राहायला नको.

पाद्रीसाहेबांनी यांना पोलादपुराकडच्या वाडीवरून मुद्दाम बोलावून घेतले. नवे देऊळ बांधून होत आले आहे. वेदीच्या दर्शनी अंगाला पितळेचा कोरीव पत्रा बसवायचा आहे. हे लहानपणी मिशनच्या कारखान्यात कोरणीचे काम शिकले, पण वाडीवर भांड्यांवर नावे घालण्यापलीकडे काम मिळत नसे. साहेब म्हणाले, "महिपती, हा पत्रा विलायतेहूनही आला असता. पण मला आपल्या माणसाच्या हातचा हवा." हे मान खाली घालून उभे राहिले. मला फार बरे वाटले.

वाडीवरची माझी शाळा मिशनने बंद केली. इथे मुलींना शिवण आणि अक्षरे शिकवायची आहेत. सासूबाई वाडीवरच राहिल्या. त्या ख्रिस्ती झालेल्या नाहीत आणि होणार नाहीत.

बोर्डिंगात मिससाहेब सांगत, रोज निजण्यापूर्वी मनाचा झाडा घ्यावा आणि चार ओळी लिहाव्या. जुलैपासून लिहिले नव्हते.

शनिवार, १४ नोव्हेंबर

दासगावापर्यंत होडीने आणि तिथून गाडीने पत्रा आला. दोघा गड्यांनी पडवीत उतरवला. बरोबर नमुन्याचा कागद होता. साहेबांनी तो खाटेवर पसरून एकेका चित्राचा अर्थ सांगितला. मधले कोकरू म्हणजे प्रभू. त्याच्या पायाशी धरलेला झेंडा म्हणजे मरणावरचा जय. एका बाजूला गव्हाची कणसे, ते प्रभूचे शरीर. दुसऱ्या बाजूला द्राक्षवेल, ते रक्त. वर ढग आणि ढगांत पंखांची गुबगुबीत मुले, ती देवाजवळची निष्पाप बालके.

यांनी विचारले, "सगळी पोरं तिथं जातात, साहेब?"

साहेबांनी कागदावरून नजर वर केली. मग हळू आवाजात म्हणाले, "बाप्तिस्मा झालेली, महिपती."

यांनी कागदाची सुरळी करून आत नेऊन ठेवली.

रविवार, २९ नोव्हेंबर

यांनी पत्रा राळेवर चिकटवून कोरायला घेतला. आधी वेल काढला. साहेब बघायला आले आणि हसू लागले. द्राक्षांच्या जागी करवंदे झाली होती! पाने करवंदीची, काटेसुद्धा होते. हे म्हणाले, "साहेब, द्राक्षाचा वेल मी बघितलेला नाय." साहेबांनी समजावले की काट्यांचा अर्थ वेगळा, ते प्रभूच्या मुकुटाला. वेदीवर एकेक रेघ बोलत असते, तिथे मनचे काही चालत नाही. यांनी निमूटपणे करवंदे घासून काढली आणि कागदाबरहुकूम द्राक्षे कोरली. मला करवंदे आवडली होती. पण साहेबांचे खरे आहे.

रविवार, १३ डिसेंबर

पोटातले हल्ली फार हालते. आज झबले बेतायला बसले आणि उठून गेले. जे लिहायचे टाळते आहे ते आज लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहावे लागणार नाही.

आमची मुलगी जुलैत गेली. सासूबाईंनी तिला तुळसा म्हणायला सुरुवात केली, तेच नाव पडले. जानेवारीत पाद्रीसाहेब वाडीवर बाप्तिस्म्याला आले होते. तिच्या दोन्ही मनगटांत काळे मणी होते आणि गालावर तीट होती. सासूबाईंनी तिला देवीच्या पायांवरही घालून आणले होते. साहेबांनी विचारले, मी खोटे बोलले नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सालोमी, दोन धन्यांची चाकरी होत नाही. घरातून हे जाऊ दे. पुढच्या फेरीला मी आनंदाने बाप्तिस्मा देईन." मणी मी त्याच दिवशी काढले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पुन्हा बांधले.

पुढची फेरी व्हायची होती ती पावसाने राहिली. जुलैत तिला ताप भरला. सावित्रीला पूर होता, वाडीच्या चहूकडे पाणी. हे पाण्यात उतरून साहेबांना आणायला निघाले आणि अर्ध्यातून परत आले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

साहेब पूर ओसरल्यावर आले. माझ्याजवळ बसून रडले. पण महाडच्या ख्रिस्ती दफनभूमीत तिला जागा देता येणार नव्हती, कबरेवरची प्रार्थनाही वाचता येणार नव्हती. नियम त्यांनी केलेला नाही. यांनी तिला आधीच नदीच्या वरच्या अंगाला ऐनाच्या झाडाखाली ठेवले होते.

झाले.

शुक्रवार, २५ डिसेंबर

नाताळ. पाद्रीसाहेबांच्या मडमसाहेबांनी मला उबदार शाल दिली. मुलींनी गाणी छान म्हटली. हे उपासनेला आले, पण जेवणाला थांबले नाहीत, पत्र्याकडे गेले.

रविवार, १७ जानेवारी १९३२

हे आता ढगांवर आले आहेत. काम संपले की पत्र्यावर गोणपाट टाकतात. मी काही बघायला जात नाही. हल्ली मला लहान मुलांची चित्रेसुद्धा बघवत नाहीत.

आज भाकऱ्या थापत होते. हे चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "साळू, तिच्या कानाची पाळी कशी होती गो? उजव्या. जरा दुमडलेली ना?"

मला इतका राग आला! सहा महिने यांनी तिचे नाव काढले नाही, आणि आज काय तर कानाची पाळी. मी म्हटले, "मला आठवत नाही." हे उठून गेले. मी खोटे बोलले. वरची कड आतल्या बाजूला दुमडलेली होती.

दुःखाने माणूस कसा भ्रमल्यासारखा होतो. यांच्यासाठी प्रार्थना केली.

रविवार, ३१ जानेवारी

कालचे आणि आजचे एकदम लिहिते.

सासूबाई काल वाडीवरच्या माणसांबरोबर चालत आल्या. माझ्यासाठी नाचणीचे पीठ, सुके बोंबील आणि डोक्याला लावायला तेल. येताना, ज्याचे पाणी आपल्या माणसांनी शिवू नये म्हणतात, त्या तळ्यावरून आल्या. मी विचारले, बघितलेत का. म्हणाल्या, "बगितलं. लांबून." त्यावरून खटला चालू आहे म्हणतात.

आज उपासना झाल्यावर पाद्रीसाहेब आणि मडमसाहेब पडवीत आले. पत्रा पुरा झाला होता, चिंचेने घासून लखलखीत. यांनी गोणपाट काढले. साहेब वाकून जवळून बघू लागले. कोकराची लोकर अशी कोरली होती की हात लावावासा वाटावा. साहेबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. मीही बघितले, पण कोकरूच बघितले. वर नजर नेली नाही.

सासूबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी मला विचारले, "ह्या कोकराच्या हाती झेंडा कोणी दिला गो?" मडमसाहेब हसल्या. मग सासूबाई उठून जवळ आल्या. त्यांना जवळचे नीट दिसत नाही, म्हणून पत्र्यावर बोटे फिरवत गेल्या. वर, ढगांपर्यंत. आणि तिथे त्यांचा हात थांबला.

"महिपा," त्या म्हणाल्या, "ही आपली तुळसा."

मग मी बघितले. कागदावर होती त्याहून एक मूल जास्त होते, उजव्या कडेला, ढगातून नुकतेच वर आल्यासारखे. पंख होते. पण मनगटांत मणी होते. गालावर तीट होती. आणि कान.

मी पदर तोंडावर घेतला.

सासूबाईंना मात्र रडू आले नाही. त्यांचा चेहरा उजळला. "एवढ्याशा जिवाचा टाक कोण करीत नाय," त्या साहेबांना सांगू लागल्या, जणू ते घरचेच. "आमच्यात मोठं माणूस गेलं का त्याचा टाक घडवतात, पत्र्यावर मूर्ती ठोकून देव्हाऱ्यात बसवतात. मंग तो जीव भटकत नाय, घरचा होतो. माज्या लेकानं लेकीचा केला. आन् तोही देवाच्या घरात!" असे म्हणत त्यांनी कनवटीची पुडी सोडली, चिमूटभर हळदकुंकू तिच्या कपाळाला लावले आणि पत्र्यासमोर डोके टेकले.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते तडक बंगल्याकडे गेले. मडमसाहेब जाता जाता मला म्हणाल्या, "अरे देवा, सालोमी."

मंगळवार, २ फेब्रुवारी

साहेबांनी दोघांना बंगल्यावर बोलावले. ओरडले नाहीत. म्हणाले, मणी आणि तीट एवढेच असते तर पुसून भागले असते, ती अडाणी माणसाची चूक म्हणता आली असती. पण वेदीवर कोणाला बसवायचे हे मंडळी ठरवते, बाप नव्हे. आणि उद्या तुझ्या आईमागून वाडीच्या वाडी हळदकुंकू घेऊन आली तर मी हे देऊळ कशासाठी बांधले?

"ते मूल काढून टाक. ढग मोठा कर."

हे म्हणाले, "नाय जमणार, साहेब."

मी यांना असे बोलताना कधी ऐकले नव्हते. करवंदे काढा म्हटल्यावर काढणारा हा माणूस.

सासूबाई आज सकाळीच वाडीला गेल्या. आपल्यामुळे काय झाले हे त्यांना उमगलेले नाही. मीही सांगितले नाही.

रविवार, १४ फेब्रुवारी

यांना प्रभुभोजनाला बसू दिले नाही. सगळ्या मंडळीसमोर साहेबांनी प्याला यांच्यापुढून तसाच पुढे नेला. हे गुडघ्यांवरच राहिले. नंतर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला आनंद वाटत नाही, सालोमी. पण बाप मंडळीच्या आज्ञेबाहेर असेल, तर येणाऱ्या बाळाच्या बाप्तिस्म्याचाही विचार करावा लागेल. थांबावे लागेल."

थांबावे लागेल. गेल्या वर्षी जानेवारीतही हेच म्हणाले होते.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

चार दिवस झोप नाही. डोळे मिटले की पूर दिसतो.

आज यांचे पाय धरले. म्हटले, "अहो, ती गेली. हे यायचे आहे. याला तरी तिच्यासारखे बाहेर ठेवू नका. मी दुसरे मूल ऐनाखाली ठेवणार नाही."

हे म्हणाले, "तुला वाटतं का गो, ती तिथं नाय?"

मी म्हटले, "मला काय वाटते त्याला कोण विचारतो?"

मग हे उठले, मला धरून पत्र्यापाशी नेले. पत्रा गुळगुळीत करायची घोटणी आणि खरवडायची छिन्नी घेतली आणि म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं. पण तू सांग. कुठली रेघ आधी पुसू?"

मी तिच्याकडे पहिल्यांदा पोटभर बघितले. झोपून उठल्यावर ती तोंड जरा उघडे टाकी, तसेच केले होते. आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो. शेवटी मी म्हटले, "पंख आधी. ते तिचे नव्हतेच."

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

दिवसभर पडवीतून खरवडण्याचा आवाज. मी शाळेत मुलींना जोराने पाढे म्हणायला लावले.

शनिवार, २० फेब्रुवारी

झाले. तिथे आता ढग आहे. हे म्हणतात, खरवडल्याने पत्रा तिथे जरा खोल गेला आहे, उजेड पडला की वेगळा चमकतो. साहेबांनी यांचा हात हातात घेतला, दोघांचेही डोळे भरले होते. उद्यापासून यांना प्रभुभोजन मिळेल.

हे जेवले नाहीत.

सोमवार, २९ फेब्रुवारी

मडमसाहेब दुपट्याला फलाणीन घेऊन आल्या. फार मायाळूपणे बोलत होत्या. सुईणीला गरम पाणी कसे ठेवायला सांगायचे, नाळ कशी, सगळे. मग जाता जाता सहज म्हणाल्या, "आणि देव न करो, पण बाळ अगदीच अशक्त असले तर साहेबांसाठी थांबू नकोस. अशा वेळी कोणाही ख्रिस्ती माणसाने पाणी घालून बाप, पुत्र, पवित्र आत्मा म्हटले तरी बाप्तिस्मा पुरा होतो. तुला ठाऊकच असेल."

मी विचारले, "कोणीही?"

"कोणीही. आईनेसुद्धा."

मी म्हटले, "हो, ठाऊक आहे."

त्या गेल्यावर विहिरीवर जाऊन उभी राहिले. जुलैत घराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी होते. पागोळ्यांखाली हात धरला असता तरी ओंजळ भरली असती. मला कोणी सांगितले नाही. साहेब रडले, तेव्हाही सांगितले नाही.

यांना हे सांगायचे नाही. कधीच नाही. पत्रा पुसून झाला आहे.

गुरुवार, ३ मार्च

सासूबाई बाळंतपणासाठी आल्या. पदरात झेंडूची फुले होती. सरळ पत्र्याकडे गेल्या, बोटांनी चाचपत वर. तिथे पोचल्यावर परत खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. तळहात तिथे ठेवून उभ्या राहिल्या.

"गरम हाय," म्हणाल्या.

हे म्हणाले, "उन्हात होता, आये."

फुले त्यांनी कुठेच ठेवली नाहीत. नंतर मला ती चुलीमागे दिसली.

सोमवार, ७ मार्च

मुलगा झाला. मोठ्याने रडतो.

रविवार, २० मार्च

तळ्यावरच्या सत्याग्रहाला आज पाच वर्षे झाली म्हणून तिकडे माणसे जमली होती. घोषणा आवारापर्यंत ऐकू येत होत्या. हे फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. परत आल्यावर मी विचारले, काय होते, तर म्हणाले, "आपलीच माणसं." आणि बाळाला मांडीवर घेऊन बसले.

पत्रा वेदीला बसवला. पुढच्या रविवारी बिशपसाहेब येणार.

रविवार, २७ मार्च. पुनरुत्थानाचा दिवस.

बिशपसाहेब महाबळेश्वराहून घाटाने मोटारीने आले. म्हातारे आहेत, चेहरा शांत आहे. मराठीचा एक शब्द येत नाही. देवळाचे समर्पण झाले. मग नव्या देवळातला पहिला बाप्तिस्मा म्हणून आमच्या मुलाचा. नाव साहेबांनी ठरवले होते ते, शमुवेल. बिशपसाहेबांनी तीनदा पाणी घातले, बाळ किंचाळले, सगळे हसले. मी मनात म्हटले, आता याला कोणी बाहेर ठेवू शकत नाही.

हे दाराजवळ शेवटच्या रांगेत उभे होते, शेजारी सासूबाई. पुढे यायला सांगितले तरी आले नाहीत.

मी बाळाला घेऊन वेदीपाशीच होते. बिशपसाहेब पत्रा बघू लागले. कोकराला हात लावून काही चांगले बोलले. मग खिडकीतून येणाऱ्या उन्हाने वर उजव्या कडेचा तो भाग एकदम चमकला. त्यांनी बोट दाखवून इंग्रजीत विचारले, इथे काय होते? सगळीकडे इतके बारीक काम आणि इथेच मोकळे का?

बोर्डिंगात मिससाहेबांनी आम्हाला इंग्रजी चांगले शिकवले होते. बोलायला जीभ वळत नाही, पण ऐकलेले कळते. पाद्रीसाहेब विसरले असावेत.

ते म्हणाले, "काही नाही. कारागिराची चूक होती. दुरुस्त केली."

मला कळले नाही मी कशी बोलले. बाळाच्या डोक्यावरचे पाणी अजून सुकले नव्हते. मी मराठीत, मोठ्याने, म्हटले, "साहेब, ती चूक नव्हती. ती माझी मुलगी होती. तिचं नाव तुळसा."

बिशपसाहेबांनी माझ्याकडे बघितले, मग पाद्रीसाहेबांकडे. त्यांनी विचारले, ही बाई काय म्हणते?

पाद्रीसाहेबांचे ओठ हालले आणि थांबले. मला वाटले, सांगतील. खरेच वाटले. मग ते इंग्रजीत म्हणाले, "आपल्या मुलाला आपल्या हातून बाप्तिस्मा मिळाला म्हणून ती आपले आभार मानते आहे."

बिशपसाहेबांचा चेहरा प्रेमाने भरून आला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून आशीर्वाद दिला. हात फार मऊ होता. मी तशीच उभी राहिले.

पाद्रीसाहेबांनी नंतर माझ्याकडे बघितले नाही.

घरी आल्यावर हे कितीतरी वेळ पडवीत उभे होते, जिथे पत्रा असायचा तिथे. मग आत आले आणि म्हणाले, "तू बोललीस ते मी ऐकलं. पाद्रीसाहेबांनी मोठ्या साहेबांना काय सांगितलं? इंग्रजीत बोलले ते?"

मी बाळाला पाजत होते. म्हटले, "मी म्हटले तेच सांगितले."

"तुळसा, असं नाव घेऊन?"

"हो."

"मंग मोठे साहेब काय म्हणाले?"

"तुम्ही बघितलेत ना. डोक्यावर हात ठेवला."

"हां," हे म्हणाले. "बघितलं. डोळे मिटले होते त्यांनी."

हे खाली बसले. सासूबाईंनी पुढे ताट ठेवले, आणि पुष्कळ दिवसांनी हे पोटभर जेवले. हात धुऊन आले तेव्हा म्हणाले, "म्हंजे एवढ्या लांबच्या माणसाला तरी कळली ती."

मी हो म्हटले.